कपकेकवर एकाच नोझलमधून तीन रंग, तेही मे महिन्यात: रंग मिसळू नयेत म्हणून काय करता?

गंजगोलाई (लातूर)

नमस्कार. माझं लातुरात घरूनच केकचं काम चालतं. जास्त करून वाढदिवसाचे अर्धा किलो-एक किलोचे केक, वर एका रंगाची क्रीम आणि थोडी नक्षी. आता जावेच्या माहेरी औशाला लेकराचा पहिला वाढदिवस आहे, मेच्या दुसऱ्या आठवड्यात. त्यांना ४८ कपकेक पाहिजेत, आणि प्रत्येकावर गुलाबी, पिवळा, हिरवा असे तीन रंग एकाच वेळी फिरत वर गेलेले. फोटो पाठवलाय त्यांनी, त्यात पट्टे अगदी स्वच्छ दिसायलेत.

मी सराव करायलेय. तिन्ही क्रीम चमच्यानं पायपिंग बॅगेत शेजारी शेजारी भरते, १एम नोझल (चांदणीसारख्या दातांचं) लावते. सुरुवातीचे कपकेक छान येतात. मग गुलाबी आणि हिरवा एकमेकांत शिरून मातकट रंग यायला लागतो, आणि शेवटी शेवटी क्रीमच ढिली पडते. इथं दुपारी स्वयंपाकघरात उभं राहवत नाही एवढं तापायलंय, हे तुम्हाला सांगायला नको.

कार्यक्रम संध्याकाळी सातला, गच्चीवर मांडव टाकून. एसी नाही. अंडं चालणार नाही, घरात माळकरी मंडळी आहेत. आणि जावेची आई म्हणते की बटरचीच क्रीम घाला, ती पांढरी क्रीम तेलकट लागते. मला कोणती क्रीम घ्यावी, रंग कसे भरावेत आणि औशापर्यंत न्यावेत कसे, हे ज्यांनी आपल्या भागातल्या उन्हाळ्यात केलंय त्यांनी सांगा. मुंबई-पुण्याच्या व्हिडिओंतलं इथं लागू पडत नाही.


गोदाकाठ (नांदेड)

ताई, मेमध्ये गच्चीवर बटरक्रीम ठेवूच नका. लोणी ३२ ते ३५ अंशांच्या दरम्यान वितळतं. आपल्याकडं मेच्या संध्याकाळी सातला हवा तेवढी गरम असतेच, आणि गच्चीचा स्लॅब दिवसभराचं ऊन बाहेर टाकत असतो ते वेगळंच. साखर कितीही वाढवली तरी लोणी ते लोणीच.

केकच्या सामानाच्या दुकानात मिळणारी नॉन-डेअरी व्हिपिंग क्रीम, म्हणजे दुधाच्या सायीऐवजी वनस्पती तेलाची ती पांढरी क्रीमच, घ्या. ती फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांवर ठेवायची असते. एक दिवस आधी खाली फ्रीजमध्ये काढा आणि फेटताना तिच्यात बर्फाचे बारीक कण जाणवायला हवेत. पूर्ण वितळून कोमट झालेली क्रीम फुगत नाही. भांडं आणि बीटरच्या काड्या फ्रीझरमध्ये गार करून घ्या, खाली बर्फाचं पातेलं ठेवा. एकदा सुटलेली क्रीम परत गोठवू नका. दुकानातून आणतानासुद्धा थर्माकोलच्या डब्यातच आणा, कारण पुष्कळदा क्रीम बिघडते ती रस्त्यात.


ओव्हनशेजारी (परभणी)

गंजगोलाई ताई, क्रीमबद्दल वर सांगितलंय ते बरोबर आहे, त्यामुळं मी फक्त रंगाचं सांगते. मी परभणीत हेच काम करते आणि रंगीत क्रीम हा माझा जीव की प्राण आहे, म्हणून जरा लांबलचक लिहिते.

तुमचे रंग मिसळायलेत ते तिन्ही क्रीम सारख्या घट्ट नसल्यामुळं. बॅगेवर आपण वरून एकच दाब देतो. तिच्यातली जी क्रीम मऊ ती आधी पुढं पळते, निब्बर असेल ती मागं राहते, आणि मऊ क्रीम तिच्या कडेनं आत घुसते. पहिल्या काही कपकेकांना हे दिसत नाही, कारण नोझलच्या तोंडाशी तुम्ही भरल्यासारखेच रंग असतात. बॅग निम्मी झाली की दिसतं.

आता तिन्ही क्रीम वेगळ्या का होतात ते बघा. आपण सगळी क्रीम एकदम कडक फेटतो, तीन वाट्यांत काढतो आणि मग रंग घालतो. पिवळा लगेच उठतो. गुलाबीला थोडं जास्त हलवावं लागतं, हिरवा गडद हवा असेल तर आणखी. आणि ही क्रीम चमच्यानं हलवली तरी ती फेटलीच जाते. म्हणून गडद रंगाची वाटी रवाळ होऊन बसते. त्यात रंग पाण्याचा असेल तर उलटंच होतं, ती वाटी पातळ होते. दोन्हीकडून नुकसान.

त्यामुळं मी क्रीम पूर्ण फेटतच नाही. बीटर उचलल्यावर शेंडा येतो पण लगेच लवतो, तिथं थांबते. तिथंच तीन भाग करते, जेल रंग घालते (टूथपिकच्या टोकानं, थेंब टाकून नाही), आणि मग प्रत्येक वाटी हाताच्या व्हिस्कनं वेगवेगळी पुढं नेते. रंग एकजीव होणं आणि क्रीम घट्ट होणं हे एकाच वेळी संपलं पाहिजे. पहिल्यांदा सगळ्यात गडद रंग करा, कारण त्याला जास्त हलवावं लागणार हे ठरलेलं आहे. तो जिथं थांबेल तिथं बाकीच्या दोघी आणून थांबवा.

मग परीक्षा. तिन्ही वाट्यांत एकेक चमचा बुडवून उलटा धरा. तिन्ही शेंडे सारखेच वाकले पाहिजेत. एकही ताठ उभा असेल किंवा एकही गळत असेल तर बॅग भरूच नका. रवाळ झालेल्या वाटीत दोन-तीन चमचे न फेटलेली गार क्रीम घालून हलक्या हातानं फिरवली की ती बरीचशी परत मऊ होते. ह्या परीक्षेला मिनिटभर लागतं आणि पुढचं सगळं काम त्याच्यावर असतं. मी शिकवायला येणाऱ्या मुलींना नोझल हातात देण्याआधी हेच करायला लावते.

भरण्याचं म्हणाल तर चमच्यानं भरू नका. ओट्यावर क्लिंग फिल्म पसरा, तिच्यावर तिन्ही रंगांचे जाड पट्टे शेजारी शेजारी टाका, फिल्म गुंडाळून कोथिंबीर वडीच्या उंड्यासारखा लांब उंडा करा आणि दोन्ही टोकं पीळ देऊन बंद करा. एक टोक कात्रीनं सरळ कापा आणि ते टोक खाली करून, आधीच नोझल लावलेल्या बॅगेत सोडा. फिल्मचं टोक नोझलच्या आत जाऊ देऊ नका, थोडं वर राहू द्या, नाहीतर प्लास्टिक अडकून एकच रंग यायला लागतो. उंडा संपला की रिकामी फिल्म ओढून काढायची आणि नवा उंडा सोडायचा. बॅग धुवायची गरज पडत नाही.

आता महत्त्वाचं. गुलाबी आणि हिरवा हे दोन रंग एकमेकांना लागले की मातकटच होणार, तुम्ही कितीही जपलं तरी. जांभळा आणि पिवळा तसाच. गुलाबी-पिवळा मिसळला तर नारिंगी होतो, निळा-पिवळा मिसळला तर हिरवा, निळा-गुलाबी मिसळला तर जांभळा. ते मिसळलेले रंगही डोळ्याला गोड दिसतात, म्हणून हाताखाली तेच ठेवायचे. मोबाइलवर बघून लोक इंद्रधनुष्य मागतात, पण नोझलच्या तोंडात कोण कोणाला खेटून बसणार ते ठरवायचं काम आपलं आहे.

काही जण सांगतील की मध्ये पांढरी क्रीम घाला. बरोबर आहे, पण एक पट्टा घालून भागत नाही. ओट्यावर तुम्ही गुलाबी, पांढरा, हिरवा असे पट्टे टाकले की वाटतं गुलाबी आणि हिरवा लांब आहेत. फिल्म गुंडाळली की पहिला आणि शेवटचा पट्टा एकमेकांना येऊन चिकटतात. गुलाबी, पांढरा, हिरवा, पांढरा असे चार पट्टे टाकले तरच दोघांत दोन्ही बाजूंनी भिंत राहते. पिवळाही हवा म्हणाल तर एका उंड्यात फार गर्दी होते, पट्टे बारीक पडतात आणि १एमच्या दातांत ते उठून दिसत नाहीत.

उन्हाळ्याचं. तळहाताच्या उबेनं बॅगेतली क्रीम आतून सैल होते, तुमची शेवटी शेवटी ढिली पडते ती त्यामुळंच. मोठी बॅग भरू नका. लहान उंडे करून फ्रीजमध्ये आडवे ठेवा आणि एकेक काढा. बॅग मधोमध धरू नका, वरच्या पिळापाशी धरून तिथूनच दाबा, दुसऱ्या हाताची फक्त बोटं नोझलपाशी. मी बॅगेभोवती कोरडा सुती रुमाल गुंडाळते. ओला कधीच नाही, पाणी क्रीमवर उतरतं.

काम पहाटे करा. पाचला उठून आठच्या आत पायपिंग संपवायचं, हे मेमध्ये ठरलेलंच. कपकेक आदल्या दिवशी भाजून पूर्ण गार झालेले असू द्या. आणि कूलरच्या झोतात काम करू नका. कूलरची हवा दमट असते, आणि झोतामुळं क्रीमवर साय धरल्यासारखा थर येतो, मग पट्ट्यांच्या कडा फाटतात. खोली आधी गार करून घ्या आणि पायपिंगच्या वेळी कूलर बंद.

आणखी एक, जे व्हिडिओत कोणी सांगत नाही. बॅगेवर मार्करनं एक खूण करा, जिकडं गुलाबी आहे तिकडं. प्रत्येक कपकेक सुरू करताना ती खूण आपल्या छातीकडं ठेवा. हातात बॅग फिरली की रंगांच्या जागा फिरतात, आणि ४८ कपकेक एकत्र मांडल्यावर काही गुलाबी दिसतात, काही पिवळे. खूण सांभाळली तर सगळे एकसारखे दिसतात. नवी बॅग लावली की आधी थोडी क्रीम ताटलीत दाबून बघा, तिन्ही रंग आले की मगच कपकेकवर जा.

उंच मनोरा करू नका असं मी कळकळीनं सांगते. मधून सुरुवात करून बाहेर जाणारा सपाट गुलाब करा. त्यातही तिन्ही रंग सुंदर दिसतात, उंची कमी राहते, गरमीत तो ढळत नाही आणि डब्याच्या झाकणाला लागत नाही.


देवगिरी (छत्रपती संभाजीनगर)

ओव्हनशेजारी यांचं उत्तर मी जपून ठेवायलेय. मी फक्त रंगाच्या बाटलीबद्दल बोलते, कारण खाणारं लेकरू एक वर्षाचं आहे.

सुटा, पुडीतला रंग घेऊ नका, तो मिठाईचा आहे असं दुकानदार म्हणाला तरी. बाटलीवर एफएसएसएआयचा, म्हणजे सरकारी अन्न सुरक्षा संस्थेचा, परवाना क्रमांक आणि रंगाचा आयएनएस क्रमांक (आत कोणता रंग आहे ते सांगणारा आकडा) बघा. आपल्या देशात खाण्यासाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे. पिवळ्यात १०२ म्हणजे टार्ट्राझिन किंवा ११० म्हणजे सनसेट यलो, लाल-गुलाबीत १२२, १२४ किंवा १२७, निळ्यात १३२ किंवा १३३, आणि हिरव्यात १४३. हिरव्या बाटलीत बहुतेक वेळा पिवळा आणि निळा मिसळलेलाच असतो. भडक गुलाबीसाठी काही ठिकाणी ऱ्होडामिन-बी वापरतात, तो कपड्याचा रंग आहे, खाण्याचा नाही. बुड्ढी के बालमध्ये तो सापडल्यावर २०२४च्या फेब्रुवारीत तमिळनाडूनं त्या विक्रीवर बंदी घातली आणि मार्चमध्ये कर्नाटकानं रंगीत बुड्ढी के बाल आणि गोबी मंचुरियनमधल्या कृत्रिम रंगावर. आपण घरून करणाऱ्यांनी तर हे डोळ्यात तेल घालून बघायला पाहिजे, कारण आपल्यावर विश्वास ठेवूनच लोक लेकरांसाठी मागवतात. वरून शिंपडायची चमकी घेतानाही तिच्यावर ती खाण्याची आहे असं स्पष्ट लिहिलेलं हवं. 'नॉन-टॉक्सिक' एवढंच लिहिलेली चमकी खाण्यासाठी नसते.

फिक्या छटांवर ते तयार असतील तर घरातलेही रंग चालतात. बिटाची पावडर घ्या, रस नको, रसानं क्रीम पातळ होते आणि मग वर सांगितलेली शेंड्याची परीक्षा नापास. पिवळ्याला हळद अगदी चिमटीभर, जास्त झाली की वास येतो. निळ्यासाठी वाळवलेली गोकर्णीची फुलं चमचाभर गरम दुधात भिजवून, गाळून, पूर्ण गार करून. त्यात लिंबू पडलं तर जांभळा होतो, त्यामुळं लिंबाच्या चवीची क्रीम असेल तर निळ्याची आशा धरू नका.

आपल्या मेचा एक फायदाही सांगते. हवा कोरडी असते, त्यामुळं फ्रीजमधून काढलेल्या कपकेकवर मुंबईसारखा घाम सुटत नाही. पावसाळा लागला की तेच कपकेक बाहेर काढल्यावर ओलसर होतात आणि गडद रंग शेजारच्या फिक्या रंगात उतरतो. जूननंतरच्या ऑर्डरीला हे लक्षात ठेवा.


गंजगोलाई (लातूर)

तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. शेंड्याची परीक्षा मी लगेच करून बघितली. हिरव्याची वाटी खरंच बाकी दोघींपेक्षा निब्बर निघाली.

दोन गोष्टी राहिल्या. हिरवा त्यांना हवाच आहे, फुलांची थीम आहे म्हणतात. आणि बटरच्या चवीचं काय करू? जावेच्या आईला तोंडावर नाही म्हणणं मला जमणार नाही, आणि त्यांचं म्हणणं खोटंही नाही.


अंबानगरी (अंबाजोगाई)

ताई, बटर कपकेकच्या वर ठेवायचं नाही हे मान्य, पण आत ठेवायला कोणाची हरकत आहे? कपकेक गार झाला की मधोमध लहान सुरीनं बोटभर खोल खड्डा करा, काढलेल्या तुकड्याचं वरचं टोक झाकणासाठी ठेवा. आत चमचाभर बटरक्रीम, एक भाग बिनमिठाचं लोणी आणि वजनानं दोन भाग आयसिंग शुगर, थोडी वेलची. झाकण लावा आणि वर तुमची रंगीत व्हिपिंग क्रीम. आतलं लोणी मऊ पडलं तरी जाणार कुठं? पहिल्या घासाला बटरची चव येते आणि वरचा गुलाब ढळत नाही. जावेच्या आईला एक नमुना आधी नेऊन खायला द्या, माणसं चवीनं लगेच पटतात.

व्हिपिंग क्रीमचा तेलकटपणा ती जास्त फेटली गेली आणि कोमट झाली की जिभेला जास्त जाणवतो. थोडी आधी थांबवलेली आणि गार वाढलेली क्रीम तेवढी लागत नाही. पूर्वीच्या बेकऱ्यांत वनस्पती तूप आणि साखर फेटून केलेले ते गुलाबी गुलाब असायचे, ते उन्हात टिकायचे खरे, पण टाळूला थर बसायचा. त्यामुळं उन्हाला घाबरून वनस्पतीकडं वळू नका.

औसा तुम्हाला वीसेक किलोमीटर, त्यामुळं नेणं अवघड नाही, फक्त वेळ सांभाळा. खाचे असलेले १२-१२ चे डबे घ्या, म्हणजे कपकेक एकमेकांवर घसरत नाहीत. पायपिंग झालं की डबे बंद करून दिवसभर फ्रीजमध्ये, आणि फ्रीजमध्ये ४८ बसतात का ते आधी रिकामे डबे ठेवून बघा. बसत नसतील तर शेजारणीला आजच सांगून ठेवा. लाइट जायची वेळ तुमच्याकडं कोणती ते तुम्हाला माहीत आहे, त्या वेळात फ्रीज उघडायचा नाही. निघताना मोठ्या थर्माकोलच्या खोक्यात डबे, बाजूनं जेलचे आइस पॅक कपड्यात गुंडाळून. डब्याखाली नको, खालून ओल येते. गाडीत डिकीत ठेवू नका, सीटच्या खाली सपाट जागेवर ठेवा आणि एसी निघायच्या आधी सुरू करा. तिथं पोचल्यावर मांडणी करून ठेवायची घाई करू नका. कपकेक खालच्या मजल्यावर डब्यातच राहू द्या आणि केक कापायच्या पाच-दहा मिनिटं आधी गच्चीवर न्या. फोटोवाल्याला तेवढं आधी सांगून ठेवा.


ओव्हनशेजारी (परभणी)

आत बटर घालायची युक्ती फार आवडली, मी पण करणार.

हिरव्याचं सोपं आहे, त्याला बॅगेतून बाहेर काढा. उंड्यात गुलाबी, पीच आणि पिवळा असे शेजारचे रंग घ्या, त्यांचा गुलाब करा. हिरव्याची वेगळी लहान बॅग, तिला ३५२ नंबरचं पानाचं नोझल, आणि प्रत्येक गुलाबाच्या कडेला दोन पानं. दाबायचं, हलकंसं ओढायचं, सोडायचं. फुलांची थीम आहे म्हणता तर हिरवा पानातच शोभतो, आणि तो गुलाबीला शेवटच्या क्षणी फक्त टेकतो, नोझलच्या आत मिसळत नाही. ह्या लहान बॅगेतली क्रीम बाकीपेक्षा थोडी मऊ ठेवा, नाहीतर पानाचं टोक फाटतं.


गंजगोलाई (लातूर)

हे तर मला सुचलंच नसतं. त्यांना आत्ताच फोनवर विचारलं, गुलाब आणि पानं ऐकून खूश झाल्या. शेवटचं एक सांगा, ४८ ला क्रीम किती आणू? कमी पडली तर ऐनवेळी गोठलेली क्रीम सुटायची कधी?


ओव्हनशेजारी (परभणी)

सपाट गुलाबाला साधारण २५ ग्रॅम धरा, म्हणजे ४८ ला सव्वा किलोच्या आसपास. तीन रंगांत फिल्मला आणि बॅगेला चिकटून थोडी वाया जातेच, वर पानांची वेगळी. दीड किलो सोडवा आणि अर्धा किलो फ्रीझरमध्येच राहू द्या, न उघडता. पीच रंग वेगळा आणू नका, गुलाबीच्या वाटीतली थोडी क्रीम पिवळ्यात घातली की तो होतो. त्यासाठी गुलाबीची वाटी थोडी जास्त करा. कपकेकचे कागद गडद रंगाचे घेऊ नका, पांढरे घ्या, गुलाब उठून दिसतील.